पंचवीस ग्रॅमचं भांडण

आमच्या घरात चष्म्यावरून वाद होतो. धाकट्या भावाचं शहापूरच्या बाजारपेठेत चष्म्याचं दुकान आहे आणि बायको मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला चाळिशी लागून बराच काळ लोटला. मोबाइल हात लांब करून वाचणं, सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारणं, हे सगळं रीतसर सुरू आहे. पण घरचं दुकान असूनही ती चष्मा घेत नाही, कारण तिला निसर्गाला त्रास न देणारा चष्मा हवा आहे. शेवटी एका रविवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, दोघांची गाठ घालून दिली आणि मी मधल्या स्टुलावर बसून राहिलो. ती त्याला भाऊजी म्हणते, तो तिला वहिनी. खाली तीच नावं ठेवली आहेत.

वहिनी : भाऊजी, मला बांबूची फ्रेम हवी. मोबाइलवर बघून ठेवलीय.

भाऊजी : मागवून देतो. पण पावसाळ्यानंतर परत घेऊन आलात तर मी ओळख दाखवणार नाही.

वहिनी : का बरं? सिंधुदुर्गात कुडाळला बांबूच्या खुर्च्या, पलंग, अख्खी घरं उभी करतात. मग फ्रेमनेच काय घोडं मारलंय?

भाऊजी : खुर्चीवर आपण बसतो, वहिनी. खुर्ची आपल्या कानांवर बसत नाही. कुणाचेही दोन कान एका पातळीत नसतात. फ्रेम आली की मी काडी गरम करतो, कानामागे हलकेच वाकवतो, पुन्हा लावून बघतो. बांबूची काडी मी कशी वाकवू?

वहिनी : बुरूड वाकवतात तशी. जाळावर शेकून.

भाऊजी : ते अख्ख्या कामटीचं झालं. फ्रेममध्ये पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवलेल्या असतात, वर पॉलिश. शेक दिला की बांबू वाकायच्या आधी गोंद सुटेल. आणि बिजागरी बसते दोन बारीक स्क्रूंवर. तुमच्या टोकावड्याला आषाढात कपडे वाळत नाहीत, तिथे घामाने आणि दमट हवेने भोक एकदा सैल झालं की स्क्रू धरत नाही. मग अख्खी फ्रेम केराच्या टोपलीत. तो गोंद आणि पॉलिश बांबूचं नसतं, हेही धरा.

ती गप्प झाली, पण हरली नव्हती. ही गप्प बसते तेव्हा पुढचा मुद्दा काढत असते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

वहिनी : बरं, बांबू राहू दे. पुण्याचे ते गॉगल? अनिश मालपाणी यांच्या कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये वेफर्सच्या रिकाम्या पाकिटांपासून गॉगल केले. ‘विदाउट’ नाव त्यांचं. एका गॉगलला पाच पाकिटं लागतात म्हणे.

भाऊजी : पाच? माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी एका रविवारी त्याच्या शंभरपट पडत असतील.

वहिनी : आणि माळशेजला पावसाळ्यात विचारूच नका. धबधब्याखाली माणसं कमी, पाकिटं जास्त. पण मुद्दा समजून घ्या. ते पाकीट भंगारवाला उचलत नाही. प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले, ते सोडवणं कुणाला परवडत नाही. म्हणून ते रानात राहतं नाहीतर शेकोटीत जातं. या लोकांनी त्यातून काहीतरी उभं केलं, आणि कचरा वेचणाऱ्यांना कामाला घेतलं.

भाऊजी : त्या कामाला माझा नमस्कार. पण तुमची तक्रार उन्हाची आहे की अक्षरांची? नको असलेली वस्तू चांगल्या कारणासाठी घेतली तरी ती नको असलेलीच राहते.

इथे मला धाकट्याचं अर्धंच पटलं. पाच पाकिटांनी पृथ्वी हलकी होत नाही, हे खरं. पण ज्या वस्तूला भंगारातही भाव नव्हता तिला भाव येऊ शकतो हे कुणीतरी दाखवून दिलं आणि त्यातले चार पैसे वेचणाऱ्या बाईच्या हातात गेले, ही काही लहान गोष्ट नाही. त्या गॉगलकडे गॉगल म्हणून बघू नये, पुरावा म्हणून बघावं. तो विकत घेतलाच पाहिजे असं मात्र नाही.

वहिनी : मग तुम्हीच सांगा काय घेऊ ते. तुमच्या या कपाटात तर सगळं प्लास्टिकच मांडलेलं दिसतंय.

भाऊजी : प्लास्टिकांतही घराणी असतात. ही घ्या हातात. अ‍ॅसिटेट. हिचं मूळ कापूस आणि लाकडाचा लगदा.

वहिनी : म्हणजे झाडापासूनची! मग हीच द्या की.

भाऊजी : जरा थांबा. लगद्यावर रसायनांची प्रक्रिया होते, नरमपणा यावा म्हणून थॅलेट घालतात. आता काही जण त्याऐवजी वनस्पतीपासूनचं द्रव्य घालून ‘बायो’ म्हणून विकतात. इटलीतली माझुकेल्ली ही १८४९ पासूनची कंपनी त्यात पुढे आहे. पण गोम वेगळीच आहे. ही फ्रेम साच्यात ओतत नाहीत, जाड शीटमधून कोरून काढतात. डोळ्यांच्या जागची दोन भोकं, नाकाची खाच, बाहेरची कड, सगळ्याचा भुसा. शीटचा मोठा हिस्सा फ्रेम होतच नाही.

वहिनी : आणि ही लवचीकवाली?

भाऊजी : टीआर. नायलॉनच्या जातीतली. साच्यातून निघते, त्यामुळे भुसा फारसा नाही. वजनाला हलकी, मुलांना बरी. पण बिजागरीपाशी तुटली की जोड बसत नाही.

वहिनी : नायलॉन एरंडाच्या तेलापासूनही करतात, मी वाचलंय. फ्रान्सची आर्केमा कंपनी करते. आणि जगात सगळ्यात जास्त एरंड पिकतो आपल्या भारतात, त्यातही गुजरातमध्ये.

भाऊजी : म्हणजे एरंडी गुजरातची, नायलॉनचा दाणा परदेशात तयार होणार, फ्रेम बहुतेक चीनमध्ये आणि चष्मा येणार टोकावड्याला. प्रवासाचा हिशोब कुणी करायचा? वहिनी, एक सांगू का, तुम्ही नको तिथे जीव काढताय. चष्मा काचांसकट पंचवीस-तीस ग्रॅमचा. तुमच्या घरी रोज दुधाची पिशवी येते. आठवडाभराच्या पिशव्या धुऊन वजनाला टाका, याच्या आसपास भरतील. आणि हा चष्मा तुम्ही निदान तीन वर्षं वापरणार.

वहिनी : दुधाच्या पिशव्या मी साठवून ठेवते आणि भंगारवाला त्या किलोवर घेऊन जातो. तुमचा चष्मा घेतो का भंगारवाला?

यावर भाऊजींनी समोरच्या आरशावरची धूळ पुसायला घेतली. दुकानदाराला उत्तर सुचेना झालं की आरसा फार मळलेला दिसतो.

वहिनी : नाही ना घेत? कारण त्यात धातू वेगळा, काडी वेगळी, काच वेगळी. सोडवत कोण बसणार?

भाऊजी : काचेचं तर विचारूच नका. आपण नुसतं काच म्हणतो. आत असतो सीआर-३९. अमेरिकेत १९४० च्या सुमारास राळेचे प्रयोग चालले होते, त्यातला एकोणचाळिसावा जमला म्हणून ३९. युद्धात विमानांच्या इंधनटाक्यांना वापरला, मग चष्म्यात आला. हा प्लास्टिकचा असा प्रकार आहे की एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही. बादली वितळवून मग्गा करता येतो, याचं काही होत नाही. पॉलीकार्बोनेट वितळतं, पण त्यावर इतके थर चढवलेले असतात की तेही कुणी घेत नाही.

वहिनी : मग मला काचेचीच काच द्या. सासऱ्यांची होती तशी.

भाऊजी : बाबांच्या काचेवर वीस वर्षांत ओरखडा पडला नव्हता, हे कबूल. पण वजनदार. नाकावर खड्डे पडतात, पडली की फुटते, आणि होलसेलवाला आता ठेवत नाही. तुम्ही मुलांमध्ये वावरता, एखादा चेंडू आला तर? सीआर घ्या, पण पदराने पुसू नका. या हायवेची धूळ बसलेल्या काचेवर कोरडा पदर फिरवला की झाले ओरखडे. माझ्याकडे नवीन काचा करायला येणाऱ्यांत कितीतरी जणांचा नंबर तसाच असतो, काच मात्र पुसून पुसून आंधळी झालेली असते. आधी पाण्याखाली धरायची, मग पुसायची. एवढं केलंत तर बांबूच्या वरताण पुण्य मिळेल.

वहिनी : पाणी म्हणालात ते बरं झालं. ती मागे घरघरते ती मशीन काय करते?

मागच्या खोलीत काच घासायची मशीन आहे. काच येते ती गोल, तळहाताएवढी. फ्रेमच्या मापाची करायची म्हणजे कडेने घासून काढायची. घासताना वर पाण्याची धार सोडलेली असते आणि ते दुधाळ पाणी खालच्या बादलीत जमतं. बादलीच्या तळाशी ओल्या रांगोळीसारखा पांढरा गाळ बसतो. वहिनींनी त्यात बोट घातलं, बोटावर चोळलं आणि भाऊजींकडे पाहिलं.

वहिनी : हे कुठे जातं?

भाऊजी : मोरीत.

वहिनी : आणि मोरी?

भाऊजी : गटारात.

वहिनी : आणि गटार भारंगी नदीला. भाऊजी, या तालुक्यातून मुंबईला पाणी जातं. १८९२ पासून तानसाचं जातंय, मग वैतरणा, मग भातसा. आपल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तरी आपण तक्रार करताना म्हणतो, पाणी आमचं. आणि आपणच हे सोडायचं? मला प्लास्टिक पिशवीवर व्याख्यान देताय, आणि इथे चष्म्याचं पीठ करून नदीला वाढताय.

भाऊजी : चिमूटभर असतं हो.

वहिनी : पंचवीस ग्रॅमही चिमूटभरच होते.

हा घाव बसला. थोड्या वेळाने भाऊजी स्वतःच म्हणाले की बादलीच्या तोंडाला जाड फडकं बांधून गाळ अडवता येतो, वाळला की सुक्या कचऱ्यात टाकता येतो. मोठ्या लॅबमध्ये तशी सोयच असते. मी फडकं शोधायला उठलो तर मला खाली बसवलं गेलं, कारण वहिनींचं लक्ष आता भिंतीवरच्या जाहिरातीकडे गेलं होतं.

वहिनी : आणि हे ‘ब्लू कट’? मोबाइलच्या निळ्या उजेडापासून संरक्षण, सहाशे रुपये जास्त. कॉक्रेन म्हणून संस्था आहे, औषधोपचारांचे पुरावे तपासते. त्यांनी २०२३ मध्ये सतरा चाचण्या एकत्र पाहिल्या. नेहमीच्या काचेपेक्षा याने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही त्यांना.

भाऊजी : गिऱ्हाईक मागतं.

वहिनी : गिऱ्हाईक मागतं कारण तुम्ही भिंतीवर लावलंय.

भाऊजी : नाही लावलं तर ते कल्याणला जाऊन तेच घेतात, वर म्हणतात शहापूरला काही मिळत नाही. तुम्ही पगारदार माणसं, वहिनी. तुमच्या विचारांचं भाडं तुम्हाला भरावं लागत नाही.

बोलणं इथे जरा कडू झालं. डोळखांबकडचे एक आजोबा आत आले म्हणून निभावलं. त्यांच्या चष्म्याची उजवी काडी दोऱ्याने बांधलेली होती, आणि दोरा इतका जुना की त्यालाच चष्म्याचा रंग आला होता. ‘काडी सुटली बघ,’ एवढंच बोलून ते बाकावर टेकले.

भाऊजींनी दोरा कापला. फ्रेम धातूची, बिजागरीत स्क्रूच्या जागी पिनेचा तुकडा खुपसलेला. तो चिमट्याने ओढून काढला, भोकातला गंज सुईने खरवडला. मग काउंटरखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात मेलेल्या फ्रेमा : एका काडीच्या, बिनकाडीच्या, पुलाशी मोडलेल्या. चार-पाच स्क्रू लावून बघितले, एक बसला. टोक बाहेर आलं ते कापून कानसलं, म्हणजे गालाला टोचू नये. नाकाच्या गाद्या हिरव्या पडल्या होत्या, त्या काढून नव्या दाबल्या. काचा साबणाच्या पाण्यात धुतल्या. डावी काडी किंचित आत वळवली, आजोबांच्या कानामागे बोट फिरवून पाहिलं, पुन्हा थोडी वळवली. आजोबांनी भिंतीवरच्या कालनिर्णयची तिथी मोठ्याने वाचली आणि वीस रुपये ठेवून गेले.

वहिनी : वीस रुपये?

भाऊजी : गाद्यांचेच दहा होतात.

वहिनी : नवीन फ्रेम दिली असती तर?

भाऊजी : दोन-तीनशे सुटले असते. म्हणून तर सांगतोय, फ्रेम कशाची आहे ते नंतर विचारा. आधी विचारा, ती उघडते का? स्क्रू निघतो का? काच बदलता येते का? धातूची असेल तर झाळ बसते. अ‍ॅसिटेटची असेल तर गरम करून बिजागरी पुन्हा रोवता येते, ओरखडे घासून काढता येतात, तुमच्या कानाप्रमाणे दहादा वाकवता येते. भुसा किती गेला म्हणून मघाशी तिला नावं ठेवली, पण पंधरा वर्षं चाललेल्या अ‍ॅसिटेटच्या फ्रेमा माझ्याकडे येतात. टीआरची फ्रेम पंधरा वर्षांची झालेली मी अजून पाहिली नाही.

वहिनी : मग जुने चष्मे गोळा करून पाड्यांवर वाटले तर? आमच्या शिक्षकांकडेच किती पडले असतील.

भाऊजी : वाटू नका. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दान आलेल्या चष्म्यांचा हिशोब केला होता. त्यातले सातच टक्के पुन्हा वापरण्याजोगे निघाले. बाकी मोडके, ओरखडलेले, नाहीतर नंबर असा की कुणालाच लागू नये. ते निवडणं, धुणं, तपासणं, पोचवणं याचा खर्च नव्या तयार चष्म्याच्या दुपटीहून जास्त आला. आपला कचरा गरिबाच्या डोळ्यांवर ठेवायचा आणि वर पुण्यही घ्यायचं, असा तो प्रकार.

वहिनी : सगळा नाही. फ्रेमा तुमच्या डब्यासाठी आणल्या तर चालतील ना? स्क्रू, काड्या, गाद्या?

भाऊजी : त्या आणा. पोतंभर आणा.

एवढ्यावर थांबले असते तर दोघंही जिंकल्यासारखे घरी गेले असते. पण वहिनींच्या मनात दुसरंच होतं, आणि मला वाटतं त्या दिवशीचं सगळ्यात मोलाचं बोलणं इथून पुढे झालं.

वहिनी : तुम्ही टिकण्याचं बोलताय. मी शाळेतलं सांगते. आरोग्य तपासणीची गाडी येते, मुलांचे डोळे बघतात, सरकारी कार्यक्रमातून फुकट चष्मे मिळतात. चांगली योजना आहे. महिन्याने वर्गात बघावं तर कुणाच्याच डोळ्यांवर चष्मा नाही. पुणे जिल्ह्यात डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं, २०१३ मध्ये छापून आलं. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांना चष्मे देऊन सहा महिने ते वर्ष झाल्यावर ते पुन्हा गेले. हजारावर मुलं भेटली, त्यातल्या तीनशेच मुलांच्या डोळ्यांवर चष्मा होता. कुणाचा घरी, कुणाचा मोडलेला, कुणाचा हरवलेला, कुणाला पोरं चिडवतात.

भाऊजी : म्हणजे शंभरातले सत्तर फुकट गेले.

वहिनी : त्यांना म्हणा आता, टीआर की अ‍ॅसिटेट. माझ्या वर्गातली एक मुलगी चष्मा दप्तरात तळाशी ठेवते. आई म्हणते, चष्मा लागलाय हे गावात कळलं तर उद्या लग्नाला अडचण. पोरगी सातवीत आहे! तिला फळा दिसत नाही म्हणून ती शेजारणीच्या वहीतून उतरवते, शेजारीण चुकली की हीसुद्धा चुकते. तो चष्मा एरंडाचा असता तरी दप्तरातच राहिला असता.

भाऊजी : तिला फ्रेम कुणी निवडू दिली होती का?

वहिनी : नाही. एक मापाच्या, एक रंगाच्या सगळ्या.

भाऊजी : तिथेच चुकतं. माझ्याकडे पोरं येतात ती आई म्हणेल ती फ्रेम लावतात आणि गल्लीच्या टोकाला काढून खिशात घालतात. स्वतः निवडलेली लाल भडक फ्रेम मात्र झोपताना काढायला सांगावी लागते. दोन-तीन रंग ठेवायला सरकारला काय लागतं?

वहिनी : आणि मोडली तर? सरळगाव-किन्हवलीच्या रस्त्याने शहापूरला यायचं म्हणजे बापाचा एक रोज बुडतो. एका स्क्रूसाठी कोण येणार? तो तुमचा बिस्किटांचा डबा मला शाळेत पाहिजे.

भाऊजींना हे अपेक्षित नव्हतं. मला तर अजिबातच नव्हतं. मला वाटत होतं, आपण फ्रेम घ्यायला आलोय.

भाऊजी : लहान स्क्रू ड्रायव्हर, पन्नास स्क्रू, गाद्यांची पाकिटं, एवढ्यात काम होतं. तुम्हाला अर्ध्या तासात शिकवतो. वाकवायचं काम मात्र करू नका, ते माझ्याकडे पाठवा.

वहिनी : मोठ्या माणसांचं काय? म्हशाच्या यात्रेत टोपलीत चष्मे घेऊन बसतात, लावून बघा, दिसलं तर घ्या. माझ्या शाळेतल्या स्वयंपाकीण मावशींनी तिथलाच घेतलाय.

भाऊजी : त्या टोपलीवर माझा राग आहे. दोन्ही काचांचा नंबर एकच, डोळ्यांमधल्या अंतराचा पत्ता नाही, वर्षात मोडणार. खरा कचरा तोच.

वहिनी : राग ठेवा, पण ऐका. बांगलादेशात खेड्यांतल्या लोकांना असेच तयार जवळचे चष्मे दिले होते, फक्त नीट तपासून आणि बऱ्या प्रतीचे. २०२४ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला. आठ महिन्यांत चष्मेवाल्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा तेहेतीस टक्क्यांनी जास्त झाली. आसामात चहाच्या मळ्यात चाळिशीपुढच्या कामगारांना चष्मे दिले तर पानं खुडण्याचं काम एकवीस-बावीस टक्क्यांनी वाढलं, ते २०१८ चं. आमच्या मावशी आता तांदळातला खडा बघून काढतात. आधी बोटांनी चाचपत होत्या आणि दोन खडे माझ्या दातांखाली आले होते. तुमच्या दुकानाच्या पायऱ्या चढायला त्या बिचकतात, टोपलीला बिचकत नाहीत.

भाऊजी : मग तपासून आणि बऱ्या प्रतीचे, एवढं तरी घ्या की माझं.

वहिनी : घेतलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८२ कोटींहून अधिक लोक जवळचं न दिसताच जगतायत, साध्या चाळिशीवाचून. त्यांना बांबू की प्लास्टिक विचारणं म्हणजे थट्टा आहे, हे मलाही कळतं. पण म्हणून त्यांना वर्षात मोडणारा द्यायचा का? जर्मनीत मार्टिन आउफमुथ म्हणून गणित-विज्ञानाचा शिक्षक आहे. त्याने स्प्रिंगच्या पोलादी तारेची फ्रेम काढली, एका डॉलरच्या मालात होते. लाकडी पेटीएवढं यंत्र, वीज लागत नाही, गावातलाच माणूस तार वाकवून फ्रेम करतो, तयार काच दाबून बसवतो. २०१२ पासून चाललंय, भारतातही त्यांचं काम आहे. मोडली तर ज्याने केली तोच नीट करतो.

भाऊजी : शिक्षकाने काढलीय म्हणून आवडली तुम्हाला.

वहिनी : तसंही समजा.

भाऊजी : आवडली मलाही. पण इथे करणारा त्यावर जगेल कसा, ते सांगा. आजोबांचं काम मी वीस रुपयांत केलं, वेळ किती गेला तो तुम्ही पाहिलात. सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आणला. छान झालं, नवीन चष्मा स्वस्त झाला. नवीन जितका स्वस्त, तितकी दुरुस्ती महाग वाटणार. स्क्रूचे तीस सांगितले तर लोक म्हणतात, एवढ्याशा स्क्रूचे? नवीन चष्म्यावर मी दुकान चालवतो आणि जुन्यावर नाव टिकवतो. सगळ्यांचे चष्मे पंधरा वर्षं चालले तर या गाळ्याचं भाडं कोण भरणार?

हिच्याकडे याचं तयार उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं कुणाकडेच नसावं. निसर्गाला त्रास न देणाऱ्या वस्तूंची एवढी चर्चा होते, पण जो माणूस दोन रुपयांचा स्क्रू शोधत डबा उपसतो त्याच्या वेळेला काय भाव द्यायचा यावर कुणी बोलत नाही. फ्रेमवर हिरवं पान छापून पाचशे रुपये जास्त घेता येतात. झाळ चांगली बसली म्हणून पन्नास जास्त मागायची सोय नाही. वहिनींनी मात्र शिक्षकाला सुचेल तेच केलं. ब्लू कटची जाहिरात भिंतीवरून उतरवली, उलटी केली आणि पेन मागितलं.

वहिनी : दरपत्रक लिहू. लिहिलेलं असलं की लोक घासाघीस कमी करतात. स्क्रू?

भाऊजी : तीस.

वहिनी : नाकाच्या गाद्या?

भाऊजी : चाळीस. आणि झाळ दीडशे लिहा, गॅस लागतो.

वहिनी : जुन्या फ्रेममध्ये नवीन काच?

भाऊजी : काचेची किंमत, वर बसवायचे शंभर. हे मी आजवर कधीच घेतले नाहीत.

वहिनी : आता घ्या. माझ्यापासूनच सुरू करा. सासऱ्यांची ती काळी फ्रेम ट्रंकेत आहे, अ‍ॅसिटेटचीच असेल. तीत माझी चाळिशी बसवा. ब्लू कट नको.

भाऊजी : ती तुम्हाला मोठी होईल, वहिनी. आणि एवढी वर्षं ट्रंकेत राहिली म्हणजे सुकून ठिसूळ झाली असेल, गरम करताना तडकली तर मला बोलायचं नाही. तडकलीच तर या धातूच्या फ्रेममधली एक घ्या. आणि लिहा, शाळेतल्या मुलांना दुरुस्ती फुकट.

वहिनी : फुकट नको. फुकट म्हटलं की आई-बाप मुलाला पाठवायला लाजतात, आणि पोरांना वस्तूची किंमत राहत नाही. एक रुपया लिहा.

भाऊजी : एक रुपयाची पावती फाडू?

वहिनी : फाडा.

भाऊजी : आणि पोरगं दहाची नोट घेऊन आलं तर सुट्टे कुठून आणू?